चावी फिरवल्यावर काय ऐकू येते : सुरू न होणाऱ्या मोटारीचे कमी खर्चातील निदान

अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग पडतात, आणि जुनी मोटार बाळगणाऱ्या कुटुंबाला या दोहोंतील फरक पिकांइतकाच गाडीच्या बॅटरीतही अनुभवावा लागतो. सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवरचे बुलढाणा शहर आणि पठारावरचे चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे तालुके विदर्भाच्या मानाने थंड मानले जातात. राजूरचा घाट उतरून मोताळा, मलकापूर, नांदुऱ्याकडे किंवा पुढे शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूरकडे गेले की पूर्णेचे सपाट खोरे लागते, जिथे उन्हाळ्यात पारा दिवसेंदिवस ४० अंशांच्या वर राहतो. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीच्या बॉनेटखाली तापमान त्याहूनही चढते, आणि मोटारीत सर्वाधिक भार वाहणारी पण सर्वांत कमी लक्ष दिली जाणारी वस्तू, म्हणजे बॅटरी, नेमकी तिथेच बसवलेली असते.

या जिल्ह्यातील ‘एमएच २८’ क्रमांकाच्या गाड्यांत जुनी, दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाती आलेली वाहने भरपूर दिसतात. १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली आणि २०१४ मध्ये उत्पादन थांबलेली मारुती ८००, तिची भावंडे ओम्नी आणि अल्टो, टाटांची इंडिका, महिंद्रांची बोलेरो ही त्यांतली ठळक नावे होत. अशी गाडी सोयाबीनचे किंवा कापसाचे पैसे हाती आल्यावर घेतली जाते, आणि पुढचा हंगाम येईपर्यंत तिच्या दुरुस्तीसाठी घरात वेगळी तरतूद क्वचितच असते. सकाळी ती सुरू झाली नाही की शेजारीपाजारी, वाटसरू आणि फोनवरचे नातलग मिळून निदान करू लागतात : बॅटरी बदला, मग प्लग बदला, मग पंप बदला. तीन वस्तू बदलून झाल्यावर चौथ्या वेळी कळते की दोष एका सैल वायरीत होता. गरीब वाहनधारकाचा खरा खर्च नादुरुस्त भागावर होत नसून चांगले भाग काढून टाकण्यावर होतो, आणि तो टाळायचा असेल तर कोणतीही वस्तू विकत घेण्यापूर्वी ती बिघडली आहे याचा पुरावा हाती असला पाहिजे. हा पुरावा मिळवायला लागणारी साधने दोनच आहेत : दोन-तीनशे रुपयांपासून मिळणारा डिजिटल मल्टीमीटर, म्हणजे विजेचा दाब, प्रवाह आणि रोध मोजणारे यंत्र; आणि जुन्या इंडिकेटरच्या १२ व्होल्टच्या बल्बला दोन वायरी जोडून घरी तयार केलेला टेस्टिंग लॅम्प.

पेट्रोल इंजिन सुरू होण्यासाठी पाच गोष्टी जुळाव्या लागतात. इंजिन बाहेरच्या शक्तीने पुरेशा वेगाने फिरले पाहिजे, त्यात हवा गेली पाहिजे, हवेत योग्य प्रमाणात पेट्रोल मिसळले पाहिजे, ते मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले गेले पाहिजे आणि दाबले गेलेल्या क्षणी ठिणगी पडली पाहिजे. यांतली पहिली गोष्ट बाकीच्या चारांपासून वेगळी काढली की निम्मे निदान होते. म्हणून पहिला प्रश्न एकच असतो, की चावी फिरवल्यावर इंजिन फिरते की नाही. फिरवण्याचे काम करणाऱ्या विजेच्या मोटारीला बोलीभाषेत ‘सेल्फ’ म्हणतात, आणि हा शब्द म्हणजे ‘सेल्फ-स्टार्टर’ या जोडशब्दाचा उरलेला अर्धा भाग होय. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅकच्या १९१२ च्या गाडीत पहिल्यांदा सरसकट बसवला गेला. त्याआधी इंजिन हँडल मारून फिरवावे लागे, आणि उलटा झटका बसून हात मोडणे ही तेव्हाची नेहमीची दुखापत होती. आपल्याकडील जुन्या जीपला हे हँडल त्यानंतरही अनेक वर्षे लागत असे.

चावी फिरवल्यावर येणारा आवाज हा निदानाचा पहिला आणि फुकटचा पुरावा असतो. काहीच आवाज आला नाही आणि डॅशबोर्डवरचे दिवेही लागले नाहीत, तर वीज कुठेच पोहोचत नाही असे समजावे. ‘टक्-टक्-टक्-टक्’ असा झपाट्याचा आवाज आला, तर सोलेनॉइड, म्हणजे चावीच्या बारीक प्रवाहाने सेल्फचा मोठा प्रवाह जोडून देणारा विद्युतचुंबकी स्विच, ओढला जातो पण लगेच सुटतो, कारण सेल्फने भार मागताच विजेचा दाब कोसळतो. एकच जोरदार ‘टक्’ येऊन पुढे शांतता राहिली, तर सोलेनॉइड ओढला गेला तरी प्रवाह सेल्फमध्ये शिरत नाही किंवा सेल्फ अडकलेला असतो. इंजिन रेंगाळत, दम लागल्यासारखे फिरले, तर वीज पोहोचते पण अपुरी. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरते आणि तरी पेटत नाही, हा प्रकार पूर्णपणे निराळा असून तिथे बॅटरीवर पैसा घालणे व्यर्थ ठरते.

पहिल्या चार प्रकारांत पुढची परीक्षा हेडलाइटची आहे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून, चाकाला दगड लावून हेडलाइट लावावेत आणि दुसऱ्या माणसाला समोर उभे न करता बाजूला उभे करून चावी फिरवावी. दिवे विझण्याइतके मंद झाले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टोकाशी जोड कच्चा आहे; दिवे तसेच प्रखर राहिले आणि इंजिन हलले नाही, तर सेल्फकडे प्रवाह गेलेलाच नाही, म्हणजे चावीचा स्विच, रिले, सोलेनॉइड, जाड केबल किंवा सेल्फ यांपैकी कुठेतरी मार्ग तुटला आहे. अंधाऱ्या गोठ्यात किंवा भिंतीसमोर गाडी उभी असेल तर हा फरक दिवसाही स्पष्ट दिसतो.

यानंतर मल्टीमीटर हाती घ्यावा. मोटारीच्या लेड-ॲसिड बॅटरीत, म्हणजे शिसे आणि विरल गंधकाम्ल यांवर चालणाऱ्या संचात, सहा कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा सुमारे २.१ व्होल्ट देतो. फ्रेंच शास्त्रज्ञ गॅस्टन प्लांटे यांनी १८५९ मध्ये बनवलेल्या बॅटरीचे हे मूळ तत्त्व आजही तेच आहे. गाडी काही तास उभी राहिल्यानंतर मोजलेला दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली असते, १२.२ असेल तर अर्धी, आणि १२ च्या खाली गेला तर जवळजवळ रिकामी. मात्र हा आकडा एकटा फसवतो. थकलेली बॅटरी विश्रांतीत १२.५ दाखवते आणि सेल्फ मारताच ७ वर येते. म्हणून खरी कसोटी भाराखाली लागते, आणि सेल्फ फिरत असताना दाब ९.६ व्होल्टच्या वर टिकला तर बॅटरी कामाची समजावी. भरल्यानंतरही दाब १०.५ च्या आसपास अडकून राहिला, तर सहापैकी एक कप्पा मेला आहे आणि अशा बॅटरीवर चार्जिंगचे पैसेही खर्चू नयेत.

बॅटरी भाराखाली कमजोर दिसली तरी दुकानाकडे जाण्यापूर्वी आणखी एक तपासणी राहते, आणि पैसे वाचवण्याच्या दृष्टीने संपूर्ण विषयातील सर्वांत मोलाची तपासणी हीच आहे. सेल्फ फिरताना लहान पेट्रोल गाडीतही शंभर-दीडशे अँपिअर प्रवाह वाहतो. एवढ्या प्रवाहाच्या वाटेत एखाद्या सांध्यावर ओहमच्या शंभराव्या भागाइतका रोध निर्माण झाला, तरी १५० अँपिअरला तिथे दीड व्होल्ट खर्ची पडतो आणि सेल्फला तेवढा कमी मिळतो. हा रोध डोळ्यांना दिसेलच असे नाही : टर्मिनलवर पांढरी किंवा हिरवट-निळी बुरशीसारखी भुकटी साचलेली असते तेव्हा तो उघड असतो, पण क्लँपच्या आतल्या बाजूला जमलेला काळा थर किंवा बॉडीला लागलेल्या अर्थिंगच्या बोल्टखालचा गंज बाहेरून कळत नाही. तो पकडण्यासाठी मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर आणि दुसरी त्याच खुंटीला बसवलेल्या क्लँपवर टेकवून सेल्फ मारावा. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवे. अर्धा व्होल्ट दिसला तरी दोष सापडला. तसेच बॅटरीची ऋण खुंटी आणि इंजिनचा उघडा धातू यांच्यामध्ये सेल्फ मारताना पाव व्होल्टहून फार अधिक दिसला, तर अर्थिंगची पट्टी काढून घासली पाहिजे.

घासण्याच्या कामाला जवळपास काही खर्च येत नाही. आधी ऋण टर्मिनल काढावे, मग धन. जोडताना उलट क्रम ठेवावा, म्हणजे पाना बॉडीला लागून ठिणगी उडण्याचा धोका राहत नाही. गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून तो टर्मिनलवर ओतला की आम्लाची भुकटी फसफसून निघते, मात्र ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाता कामा नये. मग बारीक पॉलिश पेपरने खुंटी आणि क्लँपची आतली बाजू चकचकीत करून, घट्ट आवळून, वरून व्हॅसलीनचा पातळ लेप द्यावा. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन हा स्फोटक वायू निघतो, म्हणून या कामाजवळ विडी, काडी किंवा उघडी ज्योत अजिबात असू नये.

बॅटरी खरोखरच मेली असेल तर ती का मेली हे विचारले पाहिजे, नाहीतर नवीही त्याच वाटेने जाईल. उष्णता हे पहिले कारण. बॅटरीच्या आतील शिशाच्या जाळ्या झिजण्याचा वेग तापमानाबरोबर वाढतो, आणि सरासरी तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य सुमारे निम्म्यावर येते असा स्थूल नियम बॅटरीच्या व्यवसायात मानला जातो. हे नुकसान उन्हाळ्यात दिसत नाही, कारण गरम इंजिनाचे ऑइल पातळ असते आणि ते हलके फिरते. डिसेंबरच्या पहाटे घाटावर ऑइल जड होते, बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते, आणि मे महिन्यात खोऱ्यात झालेली झीज तेव्हा उघडी पडते. थंडीने बॅटरी गेली असे लोक म्हणतात. प्रत्यक्षात ती उन्हाळ्यातच गेलेली असते.

दुसरे कारण पाणी आहे, आणि या जिल्ह्यात त्याला विशेष अर्थ आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या भागांतील कित्येक गावे खारपाणपट्ट्यात येतात, जिथे जमिनीखालचे पाणी मुळातच खारट असून पिण्याच्या आणि सिंचनाच्या पाण्याचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. झाकणे उघडता येणाऱ्या बॅटरीत उन्हाळ्यात पाणी झपाट्याने आटते, आणि डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे वाफ थंड करून मिळवलेले क्षारविरहित पाणी, जवळ नसले की बोअरचे किंवा नळाचे पाणी घालण्याचा मोह होतो. त्यातील क्लोराइड आणि इतर क्षार आतील शिशाच्या पट्ट्यांवर हल्ला करतात, बॅटरी आपोआप उतरू लागते, आणि आटणाऱ्या पाण्याबरोबर क्षार उडून जात नसल्यामुळे प्रत्येक भरणीबरोबर त्यांचे प्रमाण वाढतच जाते. जे पाणी कपाशीला चालत नाही ते बॅटरीलाही चालत नाही. डिस्टिल्ड वॉटरची बाटली पेट्रोल पंपावर किंवा स्पेअर पार्टच्या दुकानात अगदी थोड्या पैशांत मिळते, आणि घरातल्या इन्व्हर्टरसाठी आणलेलीही चालते. ते पट्ट्या बुडतील इतकेच भरावे. ॲसिड पुन्हा घालू नये, कारण आटते ते पाणी, ॲसिड नव्हे. खारट पाणी रेडिएटरलाही चालत नाही, पण तो दोष गाडी सुरू न होण्यात सहसा दिसत नाही, चालत्या गाडीच्या तापण्यात दिसतो.

तिसरे कारण चार्जिंगचे आहे. इंजिन चालू असताना अल्टरनेटर, ज्याला जुने मिस्त्री अजूनही डायनॅमो म्हणतात, बॅटरी भरत असतो, आणि त्या वेळी खुंट्यांवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. १३ च्या आत राहिल्यास अल्टरनेटरचा पट्टा सैल आहे किंवा त्याचे कार्बन ब्रश झिजले आहेत. १५ च्या वर गेल्यास रेग्युलेटर बिघडला असून तो बॅटरीचे पाणी उकळून टाकतो. चालत्या गाडीचे टर्मिनल काढून अल्टरनेटर तपासण्याची एक जुनी पद्धत अद्याप दिसते. ती पूर्णपणे बंद झाली पाहिजे, कारण त्या क्षणी उसळणारा दाब इलेक्ट्रॉनिक नियंत्रण यंत्रणा जाळू शकतो आणि तिची किंमत कित्येकदा जुन्या गाडीला झेपणारी नसते.

चौथे कारण लपलेली गळती होय. सर्व काही बंद असताना गाडीने ५० मिलिअँपिअरच्या आसपास किंवा त्याहून कमी वीज घ्यावी, म्हणजे दिवसाला फार तर १.२ अँपिअर-तास; ३५ अँपिअर-तासाची चांगली बॅटरी त्यावर आठवडाभर सहज उभी राहते. तीच गळती अर्ध्या अँपिअरवर गेली तर दीड दिवसात निम्मी बॅटरी रिकामी होते. बाहेरून बसवलेला टेप, रिव्हर्सचा कॅमेरा, डिकीतला न विझणारा दिवा किंवा धान्याच्या वासाने बॉनेटमध्ये शिरलेल्या उंदरांनी कुरतडलेली वायर ही नेहमीची उगमस्थाने असतात. ऋण टर्मिनल काढून त्याच्या आणि खुंटीच्या मध्ये मल्टीमीटर १० अँपिअरच्या जागी लावावा आणि एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला आकडा पडतो त्या वाटेवर दोष असतो. मीटर असा जोडलेला असताना चावी मात्र फिरवू नये, नाहीतर मीटरचाच फ्यूज जातो.

तात्पुरती सुटका म्हणून दुसऱ्या बॅटरीवरून जंप करताना ट्रॅक्टरची किंवा इन्व्हर्टरची १२ व्होल्टची बॅटरी चालते, पण जड ट्रक सहसा २४ व्होल्टवर असतात आणि त्यांच्याशी जोडणी करू नये. धनाला धन जोडून ऋण केबलचे शेवटचे टोक उतरलेल्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या धातूला लावावे. धक्का स्टार्टने कार्ब्युरेटरची गाडी बऱ्याचदा उठते; इंजेक्शनच्या गाडीत मात्र पंप आणि संगणक चालण्याइतकी वीज शिल्लक असावी लागते, आणि वारंवार धक्का मारल्यास न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करते.

इंजिन जोमाने फिरते पण पेटत नाही, तेव्हा शोध मुख्यतः पेट्रोल आणि ठिणगी या दोहोंपुरता उरतो. इंजेक्शनच्या गाडीत चावी ‘ऑन’ केल्यावर मागच्या सीटखालून एक-दोन सेकंद पंपाची गुणगुण ऐकू आली पाहिजे. ती नसेल तर आधी फ्यूज, मग तशाच दुसऱ्या रिलेशी अदलाबदल, मग पंपाच्या जोडाशी टेस्टिंग लॅम्प, असा क्रम ठेवावा. लॅम्प लागतो पण पंप चालत नाही, तेव्हाच पंप विकत घ्यावा. हा पंप टाकीतील पेट्रोलनेच थंड राहतो, म्हणून शंभर-शंभर रुपयांचे पेट्रोल भरून गाडी सतत रिझर्व्हवर चालवणाऱ्याचा पंप लवकर जळतो. पैशांच्या ओढीने केलेली ही काटकसर शेवटी महाग पडते, आणि शक्य झाल्यास पाव टाकी तरी भरलेली राखावी. उलट, पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर इंजिन ओव्हरफ्लो झाले आहे : ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारला की जादा पेट्रोल निघून जाते. एका वेळी दहा सेकंदांहून अधिक सेल्फ मारू नये आणि मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावे.

ठिणगी तपासण्यासाठी प्लग काढून, त्याच्या वायरीला लावून, त्याचा धातूचा भाग इंजिनला घट्ट टेकवून सेल्फ मारतात. हे करताना पेट्रोलचे भांडे जवळ असू नये आणि वायर हातात धरू नये. जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या गाडीत पावसाळ्यात कॅपच्या आत साचलेला ओलावा कोरड्या फडक्याने पुसणे एवढ्यावरही काम भागते. गाडी सकाळी चालू होते, खामगावच्या बाजारात उन्हात थांबल्यावर होत नाही आणि थंड झाल्यावर पुन्हा होते, अशी तक्रार असेल तर क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन कोणत्या स्थितीत फिरत आहे हे संगणकाला सांगणाऱ्या भागावर, संशय घ्यावा. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा शून्यावर निश्चल राहिला तर तो संशय बळावतो. इंजिन नेहमीपेक्षा हलके आणि भरभर फिरू लागले, तर टायमिंग बेल्ट तुटला असण्याची शक्यता असते. तेव्हा आणखी सेल्फ मारू नये, कारण काही इंजिनांत वाल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात.

डिझेल गाडीला ठिणगी लागत नाही. तिथे नेहमीचा दोष म्हणजे डिझेलच्या नळीने एअर धरणे. टाकी कोरडी पडल्यावर किंवा फिल्टर बदलल्यावर नळीत हवा शिरते, आणि फिल्टरवरचा हातपंप दाबून, स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत ती काढावी लागते. अतिउच्च दाबाच्या नव्या कॉमन रेल इंजिनांत मात्र इंजेक्टरकडच्या नळ्या घरी सोडू नयेत. त्या धारेने कातडी कापली जाते. २०१३ नंतरच्या गाड्यांत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे निदान-सॉकेट असते आणि त्याला लावायचा स्वस्त स्कॅनर मोबाइलवर दोषाचा क्रमांक दाखवतो, पण तो क्रमांक कोणत्या वाटेवर तक्रार आहे एवढेच सांगतो. त्या वाटेवरचा सेन्सर गेला की वायर, हे मल्टीमीटरनेच ठरते.

सेल्फ उघडणे, अल्टरनेटरचे वाइंडिंग, इंजिनचे कॉम्प्रेशन मोजणे ही कामे ऑटो इलेक्ट्रिशियनची आणि मिस्त्रीची आहेत, आणि ती त्यांच्याकडेच गेली पाहिजेत; मात्र गाडीबरोबर मोजमापांची चिठ्ठी गेली तर त्यांचाही वेळ वाचतो. ‘उभ्या गाडीत १२.५ व्होल्ट, सेल्फ मारताना १२.३, टक् असा आवाज एकदाच, हेडलाइट मंद होत नाहीत, दोन्ही टर्मिनल घासून घट्ट केले, अर्थिंगवर दाब पडत नाही’, एवढ्या ओळी वाचून जाणता इलेक्ट्रिशियन बॅटरीकडे पाहणारही नाही. तो सरळ सेल्फ उतरवून त्याचे कार्बन आणि सोलेनॉइडचे तांब्याचे संपर्क तपासेल, आणि मालकाला नव्या बॅटरीऐवजी कार्बनच्या जोडीचे पैसे द्यावे लागतील.